भरतीची वेळ बघून निघा

प्रश्न : भाऊबीज झाली की चार दिवस सुट्टी आहे. बरोबर सत्तरी ओलांडलेली आई आणि दोन मुलं. घरची गाडी. श्रीवर्धनपासून मालवणपर्यंत समुद्राच्या कडेकडेने जायचा बेत आहे. आईला घाटात गाडी लागते. जमेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : जमेल, पण चारही दिवस गाडीतच जातील. किनाऱ्याने निघालं की ठरावीक अंतराने खाडी आडवी येते. मग एक तर फेरीबोट, नाही तर पुलासाठी लांबचा वळसा. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या तीन मोठ्या खाड्या तर रत्नागिरीच्या आधीच लागतात. माझं ऐकाल तर श्रीवर्धनही सोडा आणि मालवणही. गुहागर ते रत्नागिरी एवढंच करा, पण निवांत करा.

उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरा आणि चिपळूणवरून गुहागर गाठा. आईंना पुढे बसवा. निघताना मिसळ-वडा नको, काहीतरी कोरडं खाऊ द्या, तोंडात आवळासुपारी असू द्या. आणि घाटात मुलांच्या हातात मोबाइल देऊ नका, नाही तर आजीच्या आधी नातवंडंच ओकायची!

आता महत्त्वाचं. मुक्काम ठरवण्याआधी कालनिर्णय उघडा. आमच्याकडे जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढं चालतं. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे भाऊबीज आटोपून तुम्ही याल तेव्हा भरती दुपारी आणि ओहोटी सकाळी नऊ-दहाला. सकाळी गुहागरच्या पुळणीवर मुलांना मोकळं सोडा. जेवून वेळणेश्वरावरून हेदवीला या आणि भरतीच्या वेळी उमामहेश्वराच्या देवळामागच्या बामणघळीशी थांबा. काळ्या कातळात उभी चीर पडली आहे. लाट आत शिरते, दिसेनाशी होते, आत कुठेतरी दणका बसतो आणि मग पाणी फसकन वर उडतं. पावसाळ्याइतका जोर नसतो, पण पोरं हलणार नाहीत. ओहोटीला याल तर नुसती ओली भेग बघून परत जाल. खडक शेवाळलेला असतो. सेल्फीसाठी कडेला जाणाऱ्यांना मी तरी सरळ ओरडते.

त्या रात्री हेदवी-वेळणेश्वरातच राहा. घरगुती खाणावळीत जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवा, मोदक हवे असतील तर नक्कीच. आयत्या वेळी गेलात तर आमटी-भातच पानात पडेल, आणि त्यात खाणावळवाल्या काकूंची काही चूक नाही.

सकाळी तवसाळच्या धक्क्यावरून गाडीसकट फेरीबोटीत चढा. शास्त्रीची खाडी ओलांडली की जयगड. ही बोट नसती तर आत जाऊन, भातगावच्या पुलावरून वळसा घालत यावं लागलं असतं. पुढे मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर, मग गणपतीपुळे, मग आरे-वारे. इथे गाडी चढावर बाजूला लावून आईंना खाली उतरवा. दोन्ही किनारे वरूनच दिसतात, उतरून जायची गरज नाही.

परतताना हातखंबा, साखरपा, आंबा घाट, मलकापूर, कोकरूड, कऱ्हाड.

प्रश्न : कोकण रेल्वेने मुंबईहून पहिल्यांदाच जाते आहे. समुद्र कोणत्या बाजूच्या खिडकीतून दिसतो?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : रत्नागिरीपर्यंत कुठल्याच नाही. गाडी बरीच आतून जाते. डावीकडची खिडकी मिळाली तर सह्याद्री दिसतो, तीच धरा, आणि दिवसाची गाडी घ्या. उक्षी गेलं की साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागतो, तेव्हा खिडकीत फक्त आपलाच चेहरा. समुद्र हवाच असेल तर रत्नागिरीला उतरा. स्टेशन शहरापासून लांब आहे. आधी शहरात या, मग भाट्याच्या किनाऱ्यावर जा.