मेंदूला आणि मज्जारज्जूला होणारे दुर्मीळ व्हायरल आजार कोणते? पाठीतलं पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव) सुईने न काढता त्यांचं निदान होतं का?

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाने डोकं फिरलं, म्हणून आधी त्याचंच उत्तर: बहुतेक वेळा नाही होत. एमआरआय सूज कुठे आहे ते दाखवतो, ती कुठल्या विषाणूने आणली ते सांगत नाही.

'पाणी काढलं की माणूस लुळा पडतो' हे गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत ऐकू येतं, आणि शिकलेली माणसंही सही करायला नाही म्हणतात. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. सुई जाते तिसऱ्या-चौथ्याच्या किंवा चौथ्या-पाचव्याच्या फटीतून. तिथे नसांचे सुटे धागे पाण्यात तरंगत असतात, सुई आली की बहुधा बाजूला सरकतात. एकूण पाणी सुमारे १५० मिली, काढतात १० मिलीच्या आसपास, आणि शरीर दिवसाला ५०० मिली नवं बनवतं. पाय गेले तर ते आजाराने जातात, नाव सुईचं होतं. डोकेदुखी मात्र खरी: बसलं की ठणका, आडवं झालं की आराम, कारण भोकातून पाणी पाझरत राहतं. बारीक आणि बोथट टोकाची सुई वापरली तर ती कमी होते. तासन्‌तास उताणं निजवून टळत नाही, तरी तो रिवाज सुटत नाही.

पाणी काढतात त्याच वेळी रक्तातली साखरही तपासायला हवी, हेच नेमकं राहून जातं. पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण दोन-तृतीयांश असते. व्हायरल आजारात लिंफोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढतात, प्रथिनं थोडी चढतात, साखर बहुधा जागेवर असते. साखर घसरली आणि प्रथिनं खूप चढली तर आधी टीबीचा विचार करावा.

घाई कशाची, तर हर्पिस विषाणूने मेंदूला येणाऱ्या सुजेची. ताप, शब्द न सापडणं, अचानक विचित्र वागणं, फिट. वागणं बदललं की घरचे घाड्याकडे (देवदेवस्की करणाऱ्याकडे) धावतात आणि मोलाचे दोन दिवस तिथेच जातात. औषध नसेल तर १० पैकी ७ जण दगावतात. त्यावरचं औषध असायक्लोव्हिर शिरेतूनच द्यावं लागतं, गोळ्यांनी भागत नाही: मोठ्यांना किलोमागे १० मिग्रॅ, दर ८ तासांनी, १४ ते २१ दिवस. प्रत्येक डोस तासभर हळूहळू सोडायचा आणि सलाइन पुरेसं द्यायचं, नाहीतर मूत्रपिंडात स्फटिक जमून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मोजणारी रक्ततपासणी) चढतं. संशय आला की सुरू करावं, रिपोर्टसाठी थांबू नये. पहिल्या तीन दिवसांत पाण्याचा पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. चित्र हर्पिसचंच वाटत असेल तर तीन ते सात दिवसांनी पाणी पुन्हा तपासतात. हो, पुन्हा सुई.

आता यादी. जपानी मेंदूज्वर: शेतातल्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास, डुकरं, बगळे. पाठीतल्या पाण्यातल्या किंवा रक्तातल्या आयजीएमवरून (विषाणूविरुद्ध शरीर बनवतं त्या प्रतिपिंडावरून) कळतो, औषध नाही, लस आहे. माकडताप: १९५७ साली शिमोग्याकडे सापडला, २०१५पासून गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आहे. गोचिडीतून येतो, म्हणून काजूच्या हंगामात बागायतीत जाणाऱ्यांना धोका. फसवतो तो असा की ताप उतरतो, एक-दोन आठवडे बरे जातात, मग काहींना पुन्हा ताप, मान ताठ, भ्रम. दुसऱ्या खेपेला 'काजूला गेला होतात का' हे विचारलंच जात नाही, तेव्हा तुम्हीच सांगा. चंडीपुरा विषाणूचा आजार प्रामुख्याने मुलांना, सँडफ्लायमुळे (वालुमाशीमुळे), फार वेगाने चढतो. रेबीजचा एक प्रकार पाण्याला न घाबरता नुसता लुळेपणा घेऊन येतो.

वर जोरात बोललो, पण सुई सरसकट नाही. माकडतापात आणि डेंग्यूत रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पडतात. ४०-५० हजारांखाली असतील तर डॉक्टर थांबतात, आणि ते बरोबर आहे. एका बाजूची ताकद गेली असेल, शुद्ध हरपत असेल किंवा नुकतीच फिट आली असेल तर आधी डोक्याचा सीटी स्कॅन. पण सीटीची रांग मोठी म्हणून असायक्लोव्हिर अडवायचं नाही.

मज्जारज्जूचं राहिलं. पाय जड, लघवी अडकलेली, पोटावर एका रेषेखाली स्पर्श बधिर, असं असेल तर एमआरआय पाठीच्या पूर्ण कण्याचा मागा, नुसत्या मेंदूचा नको. नागिणीचा विषाणू आणि एंटेरोव्हायरस हे करतात. कधी विषाणू निघून गेल्यावर शरीराची प्रतिकारशक्तीच करते, आणि तिथे औषध स्टेरॉइड.