एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) आहे, पण चालता येतं. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा का? किती टक्के मिळतील?

करा, आणि लवकर करा. यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्ज कसा भरायचा ते तुम्हाला माहीत असेलच. मला 'पण चालता येतं' यावर बोलायचंय.

मलाही मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. दाखल्याच्या तपासणीला सकाळी बोलावलं होतं. डॉक्टर म्हणाले, चालून दाखवा. दाखवलं. "मॅडम, तुम्ही तर व्यवस्थित चालताय!" मी म्हटलं, दुपारी पुन्हा बघा. ते तयार नव्हते, मीही हटले नाही. बाहेर पत्र्याच्या शेडखाली थांबले. एमएसमध्ये अंग तापलं की लक्षणं वाढतात, हे ज्याला आहे त्याला सांगावं लागत नाही. दोनच्या सुमाराला आत बोलावलं तेव्हा डावा पाय फरफटत होता. चप्पल दारातच निसटली आणि मला पत्ताच नाही. मागच्या बाईंनी उचलून आणून दिली. डॉक्टरांनी ते पाहिलं. मग कुठे रिफ्लेक्स तपासायची हातोडी निघाली आणि एमआरआयची फाइल उघडली. म्हणून एमएसच्या प्रत्येक अटॅकचं डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. 'चांगल्या' दिवशी तपासणी झाली तर वाईट दिवस तोंडाने सांगा, मागे लागून सांगा.

घरात माझे थोरले दीर अजून म्हणतात, धडधाकट बाईने दाखला काढणं म्हणजे खऱ्या अपंगांच्या ताटातलं ओढणं. साफ चूक. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, २०१६च्या कायद्यात २१ आहेत आणि त्यांत एमएसचं नाव स्पष्ट लिहिलंय. जुन्या करप्रणालीत ४० टक्के अपंगत्वापासून पुढे उत्पन्नातून ७५ हजारांची वजावट मिळते, ती मी घेते. गृहकर्जाच्या व्याजाची सवलत दीरही घेतात, तेव्हा कुणाच्या ताटाचा विषय निघत नाही. आजार दिसत नाही म्हणून हक्क कमी होत नाही, हे त्यांना मी दहा वेळा सांगितलंय आणि पुन्हा सांगेन.

टक्क्यांचं मात्र मेडिकल बोर्डच ठरवणार. ताकद, तोल, नजर, सगळं बघतात. माझा आकडा तुमच्या कामाचा नाही. ४०च्या खाली आलं तर नोकरीतलं आरक्षण, करसवलत नाही. दाखला तात्पुरता मिळाला तर मुदत संपायच्या आधी पुन्हा तपासणीला जावं लागतं. निर्णय पटला नाही तर २०१६च्या कायद्याच्या कलम ५९खाली अपील करता येतं. आणि अर्जाआधी घरच्यांची परवानगी मागत बसू नका.