पहिल्या शतकातला ख्रिस्ती प्रचारक पौल, त्याच्या नावावरची बायबलमधली काही पत्रं त्याची नसतील, तर ती बायबलमधून काढून टाकायला नकोत का?

काढायची कशाला? इब्री लोकांस लिहिलेलं पत्र कित्येक शतकं पौलाचं म्हणून वाचलं गेलं. त्यात लेखकाचं नाव कुठेच नाही, आणि ते कोणी लिहिलं हे देवालाच ठाऊक, असं तिसऱ्या शतकात ओरिजेन हा ख्रिस्ती विद्वान म्हणून गेला. म्हणून ते कोणी फाडून टाकलं नाही. प्रश्नापुरतं उत्तर इतकंच. पण तुम्ही पुढे लिहिलंय की तुमच्या मंडळीतले (चर्चमधले) वडील, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ, काही पत्रं पौलाची नाहीत या म्हणण्याला ‘अविश्वासी प्राध्यापकांचं खूळ’ म्हणतात. तिथे मला गप्प बसवत नाही.

१ तीमथ्य, म्हणजे तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र, पौलाचं नाही, हे १८०७ साली सविस्तर मांडलं श्लायरमाखर या जर्मन धर्मपंडिताने. तो स्वतः पाळक होता, उपदेश करणारा माणूस होता. पौलाच्या नावावर १३ पत्रं आहेत. त्यातल्या रोमकरांस, गलतीकरांस, करिंथकरांस अशा सातांबद्दल फारसा वाद नाही. सगळ्यात जास्त शंका तीमथ्याची दोन आणि तीताचं एक, या तिघांवर. १९२१ मध्ये हॅरिसन या इंग्रज अभ्यासकाने मोजून दाखवलं की विशेषनामं सोडली तर या तीन पत्रांत ८४८ वेगवेगळे शब्द येतात, आणि त्यातले ३०६ पौलाच्या इतर दहा पत्रांत एकदाही सापडत नाहीत. मला स्वतःला मात्र दुसरं कारण जास्त पटतं. करिंथकरांस पहिल्या पत्रात दिसतं, की करिंथच्या सभेत जो तो काहीतरी घेऊन येतो, कोणी स्तोत्र, कोणी शिकवण, आणि पौलाला तो गोंधळ आवरावा लागतो. १ तीमथ्यात अध्यक्ष कसा असावा, सेवक कसे असावेत, साठीच्या आतल्या विधवेचं नाव यादीत घालू नये, इथपर्यंत नियम आहेत. ही घडी बसलेली मंडळी आहे, बहुधा पुढच्या पिढीची.

आता मला हे इतकं का लागतं ते सांगते. आमचं घराणं मूळ नगरचं, आजोबांपासून इंदूरला. रविवारची उपासना हिंदीत, पण मराठी घरांची प्रार्थनासभा आळीपाळीने कोणाच्या तरी घरी भरायची. एका संध्याकाळी ती आमच्याकडे होती, स्नेहलतागंजला. महूहून येणारे पाळकसाहेब पावसात अडकले आणि सगळे म्हणाले, आत्या, आज तुम्हीच वचन सांगा. आत्या नर्स होती. लग्न केलं नाही. अर्ध्या मोहल्ल्याची बाळंतपणं तिच्या हातची. तिचं बायबल काळ्या रेक्झिनचं, समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात टिपणं, आणि रोमकरांसचा सोळावा अध्याय वाचून वाचून त्या पानांच्या कडा मऊ पडलेल्या. तिने तोच काढला. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी, अक्विलाबरोबर स्वतःचा जीव धोक्यात घालणारी प्रिस्का, प्रभूमध्ये पुष्कळ श्रम केलेली पर्सिस. एकेक नाव घेऊन ती सांगत होती, की या बायांना पौल सहकारी म्हणतो, त्यांच्यावर उपकार करत नाही.

पर्सिसपर्यंत आली आणि मंडळीतले एक वडील सतरंजीवरून उठले. बोट पानावर ठेवून त्यांनी मोठ्याने वाचलं : १ तीमथ्य, दुसरा अध्याय, बारावं वचन. स्त्रीने उपदेश करू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये, शांत राहावं. कोणी काही बोललं नाही. आत्याने चष्मा काढला, डबीत ठेवला, बायबल मिटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण टाकलं. त्या सद्गृहस्थांसकट सगळे तो चहा प्यायले. त्यानंतर आत्याने कुठल्याही सभेत तोंड उघडलं नाही, शेवटपर्यंत.

मी तेव्हा कॉलेजात होते. रात्री दादाशी भांडले. तो म्हणाला, ‘पौलाने लिहिलंय, विषय संपला.’ मी म्हटलं, त्याच अध्यायात नववं वचन आहे, बायकांनी केस गुंफू नयेत, सोनं-मोती घालू नये. सभेतल्या किती बायकांच्या गळ्यात सोनं होतं? आणि पंधराव्या वचनात बाळंतपणाच्या योगाने तारण होईल असं आहे, मग बिनलग्नाच्या आत्याचं काय करायचं? याचं उत्तर दादाकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही.

पुढे मी हा सगळा वाद वाचून काढला आणि दादाला सांगितला. आता तो म्हणतो, ‘लेखक कोण याला महत्त्व नाही, वचन ते वचन.’ हे मला मान्य नाही. आत्याला गप्प करायला त्या दिवशी पौलाच्या नावाचाच आधार घेतला होता. नावाचा दाब वापरायचा आणि नाव डळमळलं की त्याची गरजच नव्हती म्हणायचं, हे चालणार नाही.

पंडिता रमाबाईंनाही हेच ऐकावं लागलं. त्या इंग्लंडातल्या चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यावर हिंदुस्थानातल्या इंग्रज बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी पत्रात कळवलं की माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने अशी हरकत कधी घेतली नव्हती. याच बाईने पुढे मूळ भाषांवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

कोणी १ करिंथ १४:३४-३५ पुढे करेल, बायकांनी सभेत गप्प बसावं म्हणून. त्याला आधी अकराव्या अध्यायातलं पाचवं वचन दाखवा : तिथे बायका सभेत प्रार्थना करतात, संदेश देतात, आणि पौल फक्त डोकं झाकायला सांगतो. शिवाय काही जुन्या हस्तलिखितांत ही दोन वचनं अध्यायाच्या शेवटी, चाळिसाव्या वचनानंतर येतात. समासातली टीप नकलाकारांनी मजकुरात घेतली असावी, असं बायबलचे अभ्यासक गॉर्डन फी यांनी १९८७ च्या भाष्यात मांडलं. आणि फी पेंटेकॉस्टल पंथाचे, म्हणजे श्रद्धावंत ख्रिस्ती होते, अविश्वासी नव्हेत.

दुसरी बाजूही आहे. करिंथकरांसमधली ही दोन वचनं अजिबात नसलेलं एकही हस्तलिखित आजवर मिळालेलं नाही. रोमकरांसचं पत्रसुद्धा तर्तियस या लेखनिकाने लिहून घेतलं होतं, तेव्हा लेखनिक बदलला की भाषा बदलते हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. इतक्या छोट्या पत्रांतले शब्द मोजून फार काही सिद्ध होत नाही, असंही बरेच जण म्हणतात. ल्यूक टिमथी जॉन्सन हा कॅथलिक अभ्यासक तीमथ्याची दोन्ही पत्रं पौलाचीच मानतो, आणि त्याचं २००१ चं भाष्य भक्कम आहे. मिळालं तर तुमच्या वडीलमंडळींना वाचायला द्या. दादालाही मी तेच सांगून ठेवलंय : पौलानेच लिहिलं म्हणायचं तर हे वाचून म्हण, आणि मग त्याच पौलाचा सोळावा अध्याय पुढच्या प्रार्थनासभेत स्वतः उभा राहून वाच.