‘वन ॲट अ टाइम’ म्हणजे नेमकं काय? ‘वन बाय वन’ म्हटलं तर चालतं का?

तुम्ही विचारलेल्या या चार इंग्रजी शब्दांपायी माझे एका पाटीचे पैसे बुडालेले आहेत, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

मी नागपूरचा पेंटर. फ्लेक्स यायच्या आधी महाल, इतवारी, बर्डी इथल्या कितीतरी दुकानांच्या पाट्या मी हाताने लिहिल्या. 1997 च्या उन्हाळ्यात सिव्हिल लाइन्समधल्या एका कार्यालयात भरती होती. नाव घेत नाही. मुलाखतीच्या खोलीबाहेर दोन भाषांत पाटी हवी होती. मोठ्या बाबूंनी चिठ्ठीवर मजकूर दिला. वर इंग्रजी वाक्य, त्याच्या शेवटी ‘वन ॲट अ टाइम’, आणि खाली मराठी: ‘उमेदवारांनी एका वेळी आत यावे.’

पत्र्याला पांढरा हात देऊन वाळवला होता, खडूच्या दोरीने ओळी पाडल्या होत्या. लाल रंगात ब्रश बुडवला आणि थांबलो. म्हटलं, ‘बाबूजी, असं लिहिलं तर सगळे एकदमच शिरतील. ‘एका वेळी’ काढून ‘एकेकाने’ लिहू.’

‘ॲट अ टाइम म्हणजे एका वेळी. डिक्शनरी पाहून लिहिलं आहे मी. काहून, अक्षरं वाढवून बिल वाढवून राहिला का? तू रंग मार.’

तेव्हा आम्ही अक्षरावर पैसे घ्यायचो. ते बोलणं फार लागलं. गुपचूप लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी बिल घ्यायला गेलो तर शिपायाने नुकतंच दार उघडलं होतं आणि पंधरा-वीस पोरं एकदम आत घुसली होती. पाटीवर तसंच लिहिलं होतं, त्यांची काय चूक? टेबलावरचे ग्लास कलंडले, फायली भिजल्या. साहेब बाहेर आले तेव्हा मोठे बाबू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, ‘मी ‘एकेकाने’ लिहून दिलं होतं साहेब, पेंटरने चुकवलं.’ माझाच शब्द! चिठ्ठी घरी राहिली होती. दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो तर साहेबांना भेटूच दिलं नाही. ती चिठ्ठी अजून माझ्या ब्रशांच्या डब्यात आहे, कोपऱ्यावर माझा लाल अंगठा उमटलेली.

आता अर्थ. ‘वन ॲट अ टाइम’ ही मर्यादा आहे. कोणत्याही क्षणी एकाहून जास्त नाही. सगळा भार ‘वन’वर आहे, म्हणून आकडा बदलला की अर्थ बदलतो. ‘टू ॲट अ टाइम’ जिना चढणारा दोन-दोन पायऱ्या ओलांडत जातो. ‘अवर्स ॲट अ टाइम’ म्हणजे सलग तासन्‌तास; तिथे ‘एका वेळी’ घालून पाहा, वाक्यच बसत नाही. ‘वन बाय वन’मध्ये क्रम दिसतो, एकामागून एक, सगळे संपेपर्यंत. मांडवातून पाहुणे एकेक करून निघून गेले, तिथे ‘वन बाय वन’. ‘वन ॲट अ टाइम’ म्हटलं तर दारात कोणीतरी अडवून एकेकाला सोडत होतं असं वाटतं. आणि ‘ॲट वन टाइम’ पूर्ण वेगळं: एके काळी, नाहीतर एकाच वेळी. पोट्टे इथे हमखास फसतात.

मराठीत हे काम नुसता ‘वेळ’ हा शब्द करत नाही, आकड्याची द्विरुक्ती करते. एकेक, दोन-दोन, दहा-दहा. शाळेत ‘पृथक्त्ववाचक संख्याविशेषण’ म्हणून हे घोकून घेतात आणि भाषांतराला बसलं की विसरतात. त्याच कार्यालयाचा शिपाई नंतर दारात उभा राहून ओरडत होता, ‘एक-एक जण या ना बाप्पा!’ त्याने डिक्शनरी पाहिली नव्हती आणि तो चुकला नाही. इंग्रजी शब्दाखाली मराठी शब्द मांडून त्याला भाषांतर म्हणणाऱ्यांनी पाटीच्या मजकुराला हात लावू नये. लावलाच तर खाली सही करावी, आणि पेंटरने तो कागद खिशातच ठेवावा, घरी नाही.

एक सांगायचं राहिलं. संत्र्याच्या फोडी एकेक करून खाल्ल्या, अशा वाक्यात इंग्रजीत दोन्ही चालतात. मी वर दाखवला तेवढा फरक बोलताना नेहमी कोणी पाळत नाही. ‘एका वेळी’सुद्धा मुळात चुकीचं नाही, त्याच्यापुढे ‘एकच’ मात्र हवं: ‘एका वेळी एकच उमेदवार’. पण दारावर लावायचं असेल तर ‘एकेकाने आत यावे’ एवढंच लिहा. मोजून पाहा. ‘एका वेळी’ची चार अक्षरं होतात, ‘एकेकाने’चीही चारच.