तुम्ही विचारा, आम्ही सांगतो : झेंडे घेऊन उभे असलेले ते दाढीवाले कोण?

प्रश्न : मी सहा महिन्यांसाठी मुलाकडे अमेरिकेत आलेय, कॅन्ससला. परवा भाजी आणायला निघालो तर एका चर्चबाहेर ही मोठाली मोटारसायकलींची रांग, आणि शेजारी काळी लेदरची जाकिटं घातलेले, हातभर गोंदलेले, छातीपर्यंत दाढ्या वाढवलेले बाप्ये, दोन-चार बायकासुद्धा, प्रत्येकाच्या हातात अमेरिकेचा झेंडा. कुणी बोलेना की हलेना. मला वाटलं काही गँगबिंग आहे. मुलगा म्हणाला सैनिकाचं फ्युनरल आहे. पण मिलिटरीतली माणसं अशी असतात का हो? आणि आपण तिथे थांबलं तर चालतं का?
*– एक आजी, मूळ गाव सांगली*

उत्तर : आजी, गँग नाही, बिनधास्त रहा. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून ते पेट्रियट गार्ड रायडर्स असणार, नाहीतर अमेरिकन लीजन रायडर्स, म्हणजे माजी सैनिकांच्या संघटनेतले बाईकवाले. आणि गंमत बघा, तुम्ही नेमक्या त्यांच्या माहेरी जाऊन पोचलात, कारण हे सगळं सुरू झालं तेच कॅन्ससमध्ये.

गोष्ट तशी चीड आणणारी आहे. कॅन्ससची राजधानी टोपेका, तिथे वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्च नावाचं एक चर्च आहे, चर्च म्हणायचं म्हणून, त्यातली बरीचशी माणसं फेल्प्स या एकाच कुटुंबातली. त्यांचं म्हणणं असं की अमेरिका समलैंगिक लोकांना खपवून घेते म्हणून देव शिक्षा देतोय आणि म्हणून सैनिक मरताहेत. बरं, घरात बसून म्हणाले असते तर कोण विचारतंय, पण हे लोक इराकमध्ये गेलेल्या पोरांच्या अंत्यविधीला जाऊन रस्त्यावर उभे राहायचे आणि 'मेलेल्या सैनिकांबद्दल देवाचे आभार' असे बोर्ड धरायचे. समोर आईबाप शवपेटीमागून चाललेत आणि पलीकडे हे.

२००५ साली मलवेन नावाच्या छोट्या गावातल्या लीजन रायडर्सनी ठरवलं की आता बास. मारामारी करायची नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, फक्त कुटुंब आणि ते बोर्डवाले यांच्या मधे जाऊन उभं राहायचं, हातात मोठे झेंडे धरून, म्हणजे घरच्यांना ते बोर्ड दिसूच नयेत. घोषणा फारच वाढल्या तर सगळ्यांनी गाड्या चालू करून अ‍ॅक्सिलरेटर पिळायचा, हार्लेचा आवाज तुम्हाला माहितीच असेल, त्यापुढे कुणाचं काय ऐकू येणार! ही आयडिया काही महिन्यांत देशभर पसरली आणि त्यातून पेट्रियट गार्ड उभं राहिलं.

तुम्ही म्हणाल कायदा नाही का तिकडे. आहे की. २००६ मध्ये सैनिकांना जिथे पुरतात त्या राष्ट्रीय दफनभूमींपुरता कायदा झाला, पुढे २०१२ मध्ये तो आणखी कडक केला, म्हणजे सैनिकाच्या अंत्यविधीच्या आधी दोन तास ते नंतर दोन तास, ३०० फुटांच्या आत निदर्शनं करायची नाहीत. पण मधल्या काळात मेरीलंड राज्यातल्या ज्या मरीन दलातल्या सैनिकाच्या अंत्यविधीला हे बोर्डवाले गेले होते, त्याच्या वडिलांनी या चर्चवर दावा लावला होता, खालच्या कोर्टात जिंकलेही होते, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २०११ मध्ये तिथे ८ विरुद्ध १ मतांनी निकाल चर्चच्या बाजूने लागला. सार्वजनिक जागेवर, सार्वजनिक विषयावर बोलले, कितीही घाणेरडं असलं तरी बोलायचा हक्क आहे, असं कोर्ट म्हणालं. मला स्वतःला हा निकाल डोक्याने पटतो, पोटात मात्र जात नाही. पण म्हणूनच या बाईकवाल्यांचं मोल जास्त वाटतं, जे कोर्ट थांबवू शकत नाही ते यांनी हाताची घडी न सोडता, आपलं, झेंडा न सोडता झाकून टाकलं.

आता तुमचा मिलिटरीवाला प्रश्न. त्या दाढ्यांमधले बरेच जण खरंच माजी सैनिक असतात, त्यातही व्हिएतनामला जाऊन आलेले खूप. ते परत आले तेव्हा कुणी त्यांचं धड स्वागत केलं नव्हतं, लोकांचा राग युद्धावरचा आणि निघाला या पोरांवर, ते मनात राहिलेलं असतं. पण सैनिक असायलाच पाहिजे असं नाही, बाईक असायलाच पाहिजे असंही नाही, फी नाही, काही नाही. नियम मात्र एक आहे आणि तो फार कडक पाळतात, घरच्यांनी बोलावलं तरच जायचं. एक राईड कॅप्टन असतो, तो सांगेल तिथे दोन्ही बाजूंनी रांग करायची, त्याला फ्लॅग लाईन म्हणतात, शवपेटी येताना सॅल्यूट करायचा आणि काम झालं की भाषणबिषण न करता निघून जायचं. बोर्डवाले हल्ली कुठे येतात, तरी रांग लागतेच. ज्या म्हाताऱ्या सैनिकाला मागे रडायला कुणी नाही त्याच्यासाठीसुद्धा लागते.

तुम्ही थांबलात तर कुणी काही म्हणणार नाही. रांगेच्या मागे उभ्या रहा, मोबाईल पर्समध्ये ठेवा. गाडीत असाल आणि समोरून अंत्ययात्रा आली तर मुलाला गाडी कडेला घ्यायला सांगा, तिकडे तशी पद्धतच आहे.

प्रश्न : आमचा सातारा भागात बुलेटवाल्यांचा ग्रुप आहे. आमच्या पट्ट्यात घराघरात फौजी. उद्या कुणा जवानाचं पार्थिव आलं तर आपण हायवेपासून गावापर्यंत बाईक रॅलीने आणायचं, सगळ्या गाड्यांना तिरंगा लावून, असं चाललंय. परमिशन कुठे काढायची?
*– ग्रुप अ‍ॅडमिन*

उत्तर : दादा, भावना पोचली, पण आधी परमिशन घरच्यांची काढा, बाकीची नंतर. ज्या घरात आईला अजून पुरतं सांगितलेलंही नसतं त्या घरी जाऊन तुम्ही विचारू नका, सरपंच किंवा गावातल्या एखाद्या रिटायर्ड सुभेदारांमार्फत विचारा. नको म्हणाले तर नको. हो म्हणाले तर पोलीस स्टेशन आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी बोला, कारण लष्कराची गाडी, मानवंदनेची तुकडी, मंत्री येणार असतील तर त्यांचा ताफा, हे सगळं त्यांच्याकडे ठरलेलं असतं आणि तुमच्या पन्नास बुलेट मधेच घुसल्या तर वैताग होतो.

तिरंगा गाडीला लावू नका. भारतीय ध्वज संहिता २००२ मध्ये स्पष्ट आहे की ठरावीक पदावरच्या व्यक्तींच्या गाड्या सोडून वाहनावर ध्वज फडकवायचा नाही. १५ ऑगस्टला सगळेच लावतात हे मलाही दिसतं, म्हणून ते बरोबर होत नाही. अमेरिकेतले बाईकवाले लावतात, त्यांचे नियम वेगळे. शवपेटीवरच्या तिरंग्याचा केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला असतो आणि तो ध्वज चितेत जात नाही, आधी काढून, घडी करून घरच्यांच्या हातात देतात. त्या वेळी पुढे घुसून रील काढणारा तुमच्या ग्रुपातला नसेल एवढं अ‍ॅडमिन म्हणून बघा.

सायलेन्सरचे फटाके तर बिलकूल नकोत. वरच्या आजींच्या उत्तरात गाड्यांच्या आवाजाचं लिहिलंय ते वाचून कुणी पेटेल म्हणून सांगतो, तिकडे तो आवाज शिव्या झाकायला होता, आपल्याकडे रांगोळ्या घालून, दुकानं बंद ठेवून, शाळेची पोरं रस्त्याच्या कडेला उभी असतात आणि 'अमर रहे' चालू असतं, तिथे कुठला आवाज झाकायचाय तुम्हाला? गाड्या गावाबाहेर लावा आणि पायी चला. त्यापेक्षा खरी गरज असते ती फाट्यावर ट्रॅफिक अडवायची, बाहेरगावच्या गाड्या एखाद्या मोकळ्या रानात लावून द्यायची, उन्हात उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांना पाणी द्यायची. बाईक असल्यामुळे तुम्ही या टोकापासून त्या टोकाला पटकन पोचता, तिचा उपयोग तिथे करा.

रॅलीच काढायची असेल तर २६ जुलैला कारगिल विजय दिवसाला काढा, गावोगावच्या स्मारकांवर हार घाला, वीरपत्नींना आधी फोन करून मग भेटून या, पेन्शनचा एखादा कागद अडला असेल तर तुमच्यातला कुणीतरी सैनिक कल्याण कार्यालयात सोबत जाऊ शकतो.

आणि हेल्मेट. कॅन्ससमध्ये १८ वर्षांपुढच्यांना सक्ती नाही, आपल्याकडे आहे. फेट्यावर हेल्मेट बसत नाही हा पुढचा प्रश्न पाठवू नका, फेटा डिकीत ठेवा.