निकाल लागण्याआधी लेकराला काय सांगायचं?

या महिन्याच्या पत्रांत बहुतेकांचं दुखणं एकच आहे. तपासणी भरपूर होते, पण आपण नेमके कुठे अडलो हे मुलाला कळेपर्यंत वर्ग दोन धडे पुढे गेलेला असतो. त्यांतल्या पाच पत्रांना ही उत्तरं.

प्रश्न : माझ्या सहावीच्या वर्गात ६२ मुलं आहेत. रोज रात्री गणिताच्या वह्या तपासते, 'छान', 'सुधारणा हवी' असे शेरे देते. पुढच्या आठवड्यात तीच चूक पुन्हा दिसते. कुठे चुकतंय?
– शिक्षिका, हदगाव तालुका, जि. नांदेड

एका वहीला दोन मिनिटं धरली तरी ६२ वह्यांना दोन तास लागतात. एवढं करून 'सुधारणा हवी' या शब्दांतून मुलाच्या हाती काही लागत नाही. सुधारणा हवी हे त्याला ठाऊकच असतं. कुठे आणि कशी, ते त्याला हवं असतं.

समजा वहीत १/२ + १/३ = २/५ असं आहे. फुली मारून शेजारी ५/६ लिहिलंत, तर मूल ते उतरवून घेईल आणि विसरेल. त्याऐवजी समासात फक्त एक टिंब द्या आणि लिहा : 'छेद वेगळे आहेत. दोन्हींचे छेद ६ करून पुन्हा सोडव, मग उदाहरण ४ आणि ५ कर.' तोंडी एवढंच विचारा : अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला, तर ती अर्धीपेक्षा कमी कशी झाली? कारण २/५ हे अर्ध्याहून लहान आहे. असं विचारलं की आपलं उत्तर शक्यच नाही हे मूल स्वतः पकडतं.

वह्या सहा दिवसांत वाटून घ्या. रोज अकरा वह्या, म्हणजे बावीस मिनिटं. बाकीच्यांनी फळ्यावरच्या उत्तरांशी ताडून स्वतः तपासावं. दुसऱ्या दिवशी तासाची पहिली पाच मिनिटं फक्त दुरुस्तीसाठी ठेवा. ही पाच मिनिटं दिली नाहीत तर लिहिलेला शेरा वाया गेला असं समजा. बहुतेक वर्गांत गाडी इथेच अडते. आणि अकरांपैकी पाच-सहा वह्यांत एकच चूक दिसली, तर शेरे लिहिणं थांबवा आणि तो भाग वर्गाला पुन्हा शिकवा. ती चूक मुलांची नसते.

श्रेणीबद्दल एक सांगायला हवं. रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. फक्त शेरा मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं. गुणांसोबत शेरा मिळालेल्यांचं तसं सुधारलं नाही. आकडा दिसला की नजर तिथेच थांबते. आकारिक मूल्यमापनाची (वर्षभर चालणाऱ्या तपासणीची) नोंद तुम्हाला ठेवावीच लागते, ती ठेवा. मात्र मुलाला श्रेणी दुरुस्तीनंतर सांगा.

प्रश्न : आमच्याकडे 'नीट'साठी दर रविवारी चाचणी होते. संध्याकाळी गुणानुक्रमाची यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो, पालकांचीही तशी मागणी असते. पण खालच्या क्रमांकाची मुलं चाचणीलाच यायची बंद होतात.
– शिकवणीचालक, लातूर

सतत सराव चाचण्या घ्यायच्या, ही लातूर पॅटर्नची ओळख. पण चाचणीचा उपयोग तिच्या निकालाचं पुढे काय होतं यावर ठरतो. क्रमांक ४७ आला म्हणजे सोमवारी सकाळी काय वाचायचं? यादीत त्याचं उत्तर नसतं. शिवाय हा क्रमांक इतरांच्या गुणांवरही हलतो. मूल सुधारूनही खाली जाऊ शकतं.

आता दोन मुलं घ्या. पेपर १८० प्रश्नांचा, ७२० गुणांचा. बरोबर उत्तराला ४, चुकलं तर १ वजा. दोघांनाही ४१२ पडले. पहिल्याचे ११० बरोबर, २८ चूक, ४२ सोडलेले. दुसऱ्याचे ११८ बरोबर, ६० चूक, फक्त २ सोडलेले. पहिल्याने सोडवलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के बरोबर आहेत, दुसऱ्याचे ६६ टक्के. पहिल्याचा अडसर वेगाचा, धीराचा किंवा न झालेल्या धड्यांचा आहे. दुसऱ्याला पुष्कळ काही अर्धवट येतं. दोघांना 'अजून मेहनत घे' असं एकच वाक्य सांगणं हा दोघांवरही अन्याय आहे.

'अंदाजाने ठोकू नकोस' हा सरसकट सल्लाही तपासून द्या. चार पर्यायांत अगदी डोळे मिटून चार प्रश्न सोडवले, तर सरासरीने एक बरोबर येतो आणि तीन चुकतात : ४ वजा ३, म्हणजे १ गुण पदरात. नुसत्या अंदाजाने फार बुडत नाही. खरा घात होतो तो खात्रीने चुकलेल्या प्रश्नांत, कारण मूल तिकडे पुन्हा बघतच नाही.

म्हणून चाचणी सुरू असताना मुलांना प्रश्नपत्रिकेवर (उत्तरपत्रिकेवर नव्हे) प्रत्येक प्रश्नापुढे खूण करायला सांगा : खात्री असेल तर बरोबरची खूण, शंका असेल तर प्रश्नचिन्ह, अंदाज असेल तर फुली. निकाल आला की आधी खात्रीची खूण असून चुकलेले प्रश्न काढायचे आणि चूक-वहीत कारण लिहायचं : कल्पनाच चुकीची होती, सूत्र आठवलं पण चिन्ह चुकलं, की प्रश्न नीट वाचला नाही. 'अयोग्य विधान निवडा' याऐवजी 'योग्य' वाचणं ही जीवशास्त्रातली नेहमीची चूक आहे. तिच्यासाठी धडा पुन्हा वाचायची गरज नसते. 'अयोग्य' या शब्दाभोवती गोल करायची सवय पुरते.

एक आठवडा यांत्रिकी, पुढचा प्रकाशशास्त्र, अशा चाचण्यांच्या गुणांची आपसांत तुलना करून प्रगती मोजता येत नाही. दर चौथ्या रविवारी जुन्या चाचण्यांतले २० प्रश्न आकडे बदलून पुन्हा द्या. त्यांतले किती सुधारले, हे मुलाला दाखवायची खरी गोष्ट.

यादी ग्रुपवरून काढा, प्रत्येकाला त्याची चिठ्ठी द्या. ८० मुलं असतील तर आठवड्याला २० जणांशी चार-चार मिनिटं एकट्याने बोला. महिन्यात प्रत्येकाची पाळी येते. आधी त्याला बोलू द्या, मग तुम्ही. पालकांचा फोन आला तर क्रमांकाऐवजी या आठवड्यात कोणतं काम दिलंय ते सांगा. दोन-तीनदा असं झालं की बरेच पालक स्वतःच ते विचारू लागतात.

प्रश्न : पदवीच्या वर्गाला अंतर्गत गुण सत्राच्या शेवटीच कळतात. आधी सांगितले तर मुलं वाद घालतील का?
– प्राध्यापक, नांदेड

शेवटी कळले तर वादच होतात, कारण तेव्हा दुसरं काही करता येत नाही. स्वाध्याय देतानाच गुण कशाला किती ते छापून द्या, सोबत चांगल्या आणि कच्च्या उत्तराचा एकेक नमुना ठेवा. पाचव्या-सहाव्या आठवड्यात आतापर्यंतचे गुण, हजेरी आणि राहिलेलं काम एका चिठ्ठीवर द्या.

प्रश्न : लेक सातवीला हाय. कार्डावर गणितात ब-१ लिहिलंय. चांगलं का वाईट? मी काय करू?
– शेतकरी पालक, जिंतूर तालुका, जि. परभणी

भाऊ, ब-१ म्हणजे शंभरात ७१ ते ८० गुण. चांगलंच आहे. पण अक्षराच्या पोटात बरंच दडलेलं असतं. सातवीत ४० गुण वर्षभराच्या कामाचे, म्हणजे तोंडी, प्रकल्प, स्वाध्याय, छोट्या चाचण्या वगैरेंचे; ६० गुण सत्राच्या परीक्षेचे. एखादीला ४०पैकी ३६ आणि ६०पैकी ३७ पडतात, दुसरीला २४ आणि ४९. बेरीज दोघींची ७३, श्रेणी दोघींची ब-१. पहिली वर्गात चोख आहे पण परीक्षेत अडखळते, दुसरीचं उलटं.

पालक सभेला हे दोन आकडे वेगवेगळे विचारा. मग विचारा : तिला आता काय पक्कं येतं, कशात अडते, आणि पुढचे पंधरा दिवस घरी काय करून घ्यायचं? तुम्हाला गणित येत नसलं तरी हरकत नाही. तिला एक उदाहरण तुम्हाला समजावून सांगायला लावा. जिथे ती थबकेल, तिथे वहीत खूण करून ती वही शाळेत पाठवा.

प्रश्न : दिवाळीनंतर वर्गातली निम्मी मुलं आईबापासोबत ऊसतोडीला जातात, उन्हाळ्याच्या तोंडाला येतात. मधल्या काळात त्यांना आणि घरच्यांना प्रगती कशी कळवायची?
– शिक्षक, वडवणी तालुका, जि. बीड

आधी एक : जी मुलं हंगामी वसतिगृहात (आईबाप तोडीला गेले तरी गावातच राहायची सोय) राहू शकतात, त्यांच्यासाठी टोळी निघायच्या आधीच घरच्यांशी बोला. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन झाली की कुटुंबाचा निर्णय ठरलेला असतो.

जाणाऱ्या मुलासोबत शिक्षण हमी पत्रक द्याच. ते कारखान्याजवळच्या शाळेसाठी असतं, मूल कुठवर शिकलंय हे तिला कळावं म्हणून. मुलासाठी वेगळं एक पान करा, वर तारीख घाला. भाषेच्या पाच पायऱ्या : अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद, गोष्ट. गणिताच्या चार : दोन अंकी संख्या, हातच्याची बेरीज, हातच्याची वजाबाकी, भागाकार. मूल ज्या पायरीवर आहे तिला त्याच्याच हाताने रंग भरू द्या. श्रेणी, टक्के काहीच नको. हे पान न वाचता येणाऱ्या आईलाही कळतं. पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, दव आणि चिखल दोन्ही असतात.

टोळी निघायच्या आदल्या दिवशी मुलाला आईबापासमोर एक परिच्छेद वाचायला लावा. आपलं लेकरू किती वाचतं हे त्यांनी कानाने ऐकलेलं असलं, की पुढे फोनवर बोलायला धागा मिळतो.

फोन बहुधा बापाच्या खिशात, आणि बाप पहाटेपासून फडात. म्हणून भेटीची वेळ ठरवण्यापेक्षा पंधरा दिवसांतून एक आवाजी निरोप पाठवा, चाळीस सेकंदांचा : मागचं काय जमलं, आता काय करायचं, उत्तर कसं पाठवायचं. मुलाने पाच ओळी वाचून आवाज परत पाठवला, की त्याला दोनच दिवसांत त्याच्या वाचनाबद्दल नेमकं एक वाक्य कळवा. उदाहरणार्थ, 'जोडाक्षराशी थांबतोस, बाकी सलग वाचलंस. "रस्ता", "पुस्तक", "दुष्काळ" हे शब्द दहादा वाच.' उशिरा आलेल्या लांब निरोपापेक्षा हे एक वाक्य कामाचं.

मुलं परतली की पहिल्याच दिवशी सगळ्यांसोबत चाचणीला बसवू नका. एकट्याला जवळ घेऊन दहा मिनिटांत वाचन आणि दोन-तीन उदाहरणं बघा. काही पायऱ्या घसरलेल्या असतील, काही टिकलेल्या. हिशोबात मूल पुढेही गेलेलं असू शकतं, कारण मोळ्या मोजणं आणि वजनाचे आकडे रोज त्याच्या कानावर पडतात. मग त्याने जपून आणलेलं तेच पान काढा, जुन्या तारखेशेजारी नवी तारीख घाला आणि दुसऱ्या रंगाची खडू-पेन्सिल त्याच्या हातात द्या.