तुम्ही परतल्यावर तिथे शिकवणार कोण?

तुझा प्रश्न वाचला. मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, पुढच्या वर्षी पाच मैत्रिणींबरोबर सहा महिने परदेशात जाऊन प्रथमोपचार शिकवायचे, जमवलेली उपकरणं तिथल्या रुग्णवाहिकांना द्यायची आणि जमलं तर पुढे तिथेच राहायचं. ‘ताई, सामान काय काय न्यावं?’ असं विचारलं आहेस. मी अशाच एका विद्यार्थी गटातून परदेशात आले आणि इथलीच झाले, त्याला आता बारा वर्षं होतील. सामानाकडे येतेच, पण आधी तुम्ही सहाजणींनी बसून एक गोष्ट ठरवा: तुम्ही परतल्यावर तिथे शिकवणार कोण?

उगाच विचारत नाही. पहिल्या खेपेला आम्ही दोन आठवड्यांत जवळपास दोनशे जणांना सीपीआर (हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून त्याला श्वास देणं) शिकवला, प्रमाणपत्रं वाटली, फोटो काढले. वर्षभराने मी परत आले तेव्हा सरावाचे पुतळे कपाटात बंद होते आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच सांगता येईना. चूक आमची होती. त्या दोनशे जणांमधून शिकवू शकेल असा एकही माणूस आम्ही तयार केला नव्हता.

शिकवायचं कोणाला, तेही निघण्याआधी ठरवा. जिथे रुग्णवाहिका वेळेवर पोचत नाही तिथे जखमी माणूस टॅक्सीत, ट्रकमध्ये नाहीतर पोलिसांच्या गाडीत घालून नेला जातो. घानामध्ये ३३५ व्यावसायिक ड्रायव्हरांना फक्त सहा तासांचं प्रशिक्षण दिलं होतं. सरासरी दहा-अकरा महिन्यांनी ज्यांना गाठून विचारलं, त्यांच्यातल्या ६१ टक्के जणांनी मधल्या काळात कोणाला ना कोणाला खरोखर प्रथमोपचार दिले होते. उत्तर इराक आणि कंबोडियाच्या सुरुंग पेरलेल्या भागात १३५ स्थानिक पॅरामेडिक आणि ५,२०० गावकरी तयार केले गेले, आणि १९९७ ते २००१ या काळात जखमींमधलं मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांवरून सुमारे १५ टक्क्यांवर आलं. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं, कारण तिथलं जाळं तिथल्याच माणसांचं होतं.

भाषेची तयारी मात्र कमी पडू देऊ नका. छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबांनंतर दोन श्वास, हे सगळं मी इंग्रजी आकडे मोजून शिकवायचे. एकदा समोर ओझी वाहणारा एक धिप्पाड माणूस पुतळ्याशेजारी गुडघे टेकून बसला होता. पहिले दहा दाब अगदी सुरेख. अकरापासून अडखळायला लागला, कारण मनातल्या मनात तो आकड्यांचं भाषांतर करत होता. त्याच्या भाषेत मोजायला सांगितलं तर वेग पडला, वीसच्या पुढचे त्यांचे आकडे लांबलचक! शेवटी मागे उभ्या असलेल्या एका बाईने तोड काढली: एक ते दहा असं तीनदा मोजायचं आणि फेरी कितवी ते शेजारच्याने ओरडून सांगायचं. हात लगेच लयीत आले. मी आजही तसंच मोजून घेते. तीच बाई पुढे आमची पहिली स्थानिक प्रशिक्षक झाली.

आता सामान. ‘लागेल तिथे’ म्हणून काहीही नेऊ नका. उपकरणांच्या देणगीबाबत जागतिक आरोग्य संघटनेची तत्त्वं आहेत. त्यातलं एक म्हणजे घेणाऱ्याच्या इच्छेचा मान राखायचा, आणि दुसरं, आपल्याकडे दर्जात बसत नाही ती वस्तू दान म्हणूनही द्यायची नाही. आमच्या एईडीचे (हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचे) छातीला चिकटवायचे पॅड मुदत उलटलेले होते. पाकीट फोडलं तर जेल वाळून खरखरीत झालेलं, पुतळ्याच्या प्लॅस्टिकलासुद्धा चिकटेना. घशातला स्राव ओढून काढणारं सक्शन मशीन ११० व्होल्टचं, आणि भिंतीत २३० व्होल्ट. त्यामुळे आधी तिथल्या संस्थेकडून लेखी यादी मागव. दर वस्तूपुढे विचार: वीज कोणती, सुटे भाग आणि पॅड तिथे मिळतात का, बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ती वस्तू नेऊ नका. गॉझ, दाब देणारी बँडेज, ग्लोव्हज, टूर्निकेट (रक्तस्राव थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा), बॅग-मास्क (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) यांचा उपयोग जास्त होतो, बिघाड कमी. कस्टम्ससाठी सीरियल नंबरसकट यादी आणि देणगी स्वीकारल्याचं पत्र सामान निघण्याआधी हातात हवं. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत. हातातल्या बॅगेतून किती नेता येतील ते विमान कंपनीला विचार.

व्हिसाच्या बाबतीत धोका पत्करू नको. बऱ्याच देशांत पर्यटक व्हिसावर विनामोबदला कामसुद्धा चालत नाही. आणि पुढे तिथेच राहायचं असेल तर डिग्रीची मान्यता हा वेगळा रस्ता आहे. स्वयंसेवक म्हणून घालवलेले महिने त्यात धरले जातील असं गृहीत धरू नको.

एक गोष्ट मोठ्या बहिणीच्या हक्काने सांगते. तिथे तुला ‘डॉक्टर’ म्हणून पुढे करतील, टाके घाल म्हणतील, नळी टाक म्हणतील. जे करायची परवानगी तुला आपल्या देशात नाही, ते तिथेही करायचं नाही. समोरचा माणूस गरीब आहे म्हणून तो सरावासाठी नसतो. त्या क्षणी नाही म्हणणं अवघड जातं, म्हणून सहाजणींनी आधीच तसं लिहून ठेवा.

तब्येतीचं: हिपॅटायटिस बीच्या लशीचे डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात. झाले नसतील तर याच आठवड्यात सुरू कर. पिवळ्या तापाची लस लागणार असेल तर प्रवेशाच्या किमान दहा दिवस आधी. ते प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. सुई टोचली तर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, तीही जितक्या लवकर तितकं बरं. ती तिथे कुठे मिळतात ते पोचल्या दिवशीच विचारून ठेव.

तिथल्या संस्थेची यादी आली की मला पाठव. कोणती वस्तू गाळायची ते आपण दोघी मिळून बघू.